बागेला वेबसाइट हवी, पण साठ हजारांची नको

पत्र: देवगड तालुक्यात आमची हापूसची अडीचशे कलमं आहेत. दरवर्षी पाच डझनी चारशेच्या आसपास पेट्या निघतात आणि वाशीच्या दलालाकडे जातात. गेल्या हंगामात त्यातल्या चाळीस पेट्या ओळखीपाळखीत, व्हॉट्सॲपवर निरोप पाठवून मुंबई-पुण्याला थेट विकल्या. पैसे बरे सुटले. भाचा म्हणतो, वेबसाइट कर. एका कंपनीने साठ हजार सांगितलेत, वर ‘गूगलच्या पहिल्या पानावर आणण्याची गॅरंटी’ देतात. घरातल्यांचं म्हणणं, फेसबुकचं पान पुरे. सासऱ्यांना ऑनलाइन फसवणुकीची धास्ती आहे. मोहोर आत्ताच फुटायला लागलाय, म्हणजे ठरवायचं तर आत्ताच ठरवायला हवं. काय करू? ता. क. वेबसाइट मराठीत करावी की इंग्रजीत?
— एक बागायतदार, देवगड तालुका

ताई, नमस्कार.

तुम्ही पत्रात आकडे दिलेत, म्हणून आधी हिशेबच मांडू. समजा, हंगामाची सरासरी काढली तर वाशीला डझनामागे ४०० रुपये हातात पडतात. तुमचा खरा आकडा पट्ट्या, म्हणजे दलालाने दिलेल्या विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या, काढून बसलात की कळेल. पट्टीवर वर लिहिलेला भाव धरू नका. भाडं, हमाली, तोलाई, रिकाम्या पेटीची किंमत असं सगळं वजा होऊन शेवटी जे उरतं ते धरा. थेट विक्रीचा भाव ९०० धरू. त्यातून खोका, पेंढा, चिकटपट्टी यांचे ६०, पुण्यापर्यंतच्या भाड्याचे ५०, तिथून घरपोच द्यायचे ७० आणि खराब निघालेल्या फळांपोटी परत करायचे ४५ (शंभरात पाच फळं धरली तर) असे २२५ गेले. हाती राहिले ६७५. म्हणजे दलालाकडे पाठवण्यापेक्षा डझनाला २७५ रुपये जास्त.

आता यातली एक गोष्ट नीट बघा. गेल्या वर्षीच्या चाळीस पेट्या, म्हणजे २०० डझन, वेबसाइट नसतानाच खपले. त्यांचा फायदा वेबसाइटच्या नावावर मांडायचा नाही. तिच्यामुळे जे गिऱ्हाईक नव्याने आलं, त्याचेच डझन तिचे. साठ हजार वसूल व्हायला असे २१९ डझन नवे विकावे लागतील. पहिल्या हंगामात नव्या वेबसाइटकडून एवढी अपेक्षा धरणं धोक्याचं आहे. तेच काम आठ हजारांत झालं तर तीस डझनांत पैसे वसूल, म्हणजे सहा पेट्या. त्यामुळे माझं उत्तर असं: वेबसाइट करा, याच महिन्यात करा, पण एका पानाची करा आणि तिच्यावर पाच ते दहा हजारांपलीकडे जाऊ नका. उरलेले पन्नास हजार चांगल्या खोक्यांना आणि एखाद्या वजनकाट्याला लागू देत.

फेसबुकचं पान का पुरत नाही, ते सांगते. तुमच्या चाळीस पेट्या ज्यांनी घेतल्या त्यांना तुम्ही माहीत होतात. कुणी चुलतभावाच्या ऑफिसातलं, कुणी शाळेतल्या मैत्रिणीची शेजारीण. हे वर्तुळ दोन हंगामांत संपतं. त्यापुढचं गिऱ्हाईक पूर्ण अनोळखी असतं. कोथरूडमधली एक बाई रात्री जेवणं आटोपल्यावर फोनवर ‘देवगड हापूस घरपोच पुणे’ असं शोधते. तिला वीस नावं दिसतात. प्रत्येकाने ‘अस्सल देवगड’ लिहिलेलं आणि फोटो तोच, कुठून तरी उचललेला. कर्नाटकातला आंबा देवगडच्या खोक्यात भरून विकला जातो हे तिने ऐकलेलं असतं. आगाऊ पैसे घेऊन गायब झालेल्या पानांबद्दलही ऐकलेलं असतं. तिला खरं-खोटं पारखायला जे लागतं, ते फेसबुकवर दहा पोस्टींच्या खाली गाडलेलं राहतं. गेल्या मे महिन्यातला भाव वर आणि या वर्षीचा खाली, असंही होतं. शिवाय ते पान कंपनीच्या मर्जीवर चालतं. खातं कुणी हॅक केलं किंवा चुकून बंद पडलं, तर ऐन एप्रिलमध्ये तुम्ही दाद कुणाकडे मागणार? फेसबुक आणि इन्स्टाग्राम ठेवा जरूर. मोहोराचा, तोडणीचा, आढी लावतानाचा (फळं पिकायला पेंढ्यात रचतानाचा) अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ तिथे टाका आणि खाली स्वतःच्या वेबसाइटचा पत्ता द्या. तिथलं त्यांचं काम एवढंच.

त्या बाईच्या मनात पैसे पाठवण्याआधी सहा प्रश्न असतात. हे विकणारे कोण आणि बाग नेमकी कुठे? फळ केवढं? घरी पोचवून भाव किती? माझ्या भागात कोणत्या वारी येईल? खराब निघालं तर काय? आणि पैसे कुठे पाठवू? एका पानावर या सहांची उत्तरं असली की वेबसाइट झाली. फिरती चित्रं, ‘आमचं ध्येय’, ‘आमची दृष्टी’ यातलं काही नको. खोक्याबद्दलचा मजकूर असा लिहा, आकडे तुमचे घाला:

‘देवगड हापूस, एक डझन. प्रत्येक फळ २२५ ते २७५ ग्रॅम, खोक्यात साधारण ३ किलो आंबा. फळ चौदा आणे (सोळातले चौदा भाग) तयार झाल्यावर झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासकट उतरवलेलं. कार्बाइड वापरत नाही. फळ कच्चं पाठवतो, घरी पेंढ्यात ठेवल्यावर आठ-दहा दिवसांत पिकतं. भाव ९०० रुपये, पुणे शहरात घरपोच. या आठवड्याचा माल ४० डझन, शिल्लक १७. पोचण्याचा वार शनिवार. फळ फुटलेलं आलं किंवा कापल्यावर साका (आतला पांढरट, स्पंजासारखा भाग) निघाला तर त्याच दिवशी फोटो पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत.’

बाजारात ‘मोठा’, ‘मध्यम’, ‘एक नंबर’ चालतं, कारण समोर फळ असतं. फोनवर पाहणाऱ्याला ग्रॅमच लागतात. तुमचा मोठा आणि तिचा मोठा वेगळा, इथूनच निम्म्या तक्रारी सुरू होतात. बारा फळं काट्यावर ठेवून आकडा दिसेल असा एक फोटो काढा. दुसरा फोटो कापलेल्या फळाचा, तिसरा खोका उघडल्यावर पेंढ्यात आंबे दिसतात तसा आणि चौथा बागेत तुम्ही घरचे उभे आहात असा. हे चार पुरेत. मात्र सकाळच्या उन्हात काढा आणि वेबसाइटवर चढवताना आकार लहान करायला सांगा. फोनवरचा एक फोटो ३-४ एमबीचा असतो. असे दहा चढवले तर पान उघडायला ४० एमबीच्या घरात जातं, आणि लोकलमध्ये उभं असलेलं माणूस तेवढा वेळ थांबत नाही. एक फोटो २०० केबीच्या आत बसवता येतो आणि डोळ्यांना फरकही कळत नाही.

साक्याबद्दल लिहायला घरातून विरोध होईल. ‘आपणच आपल्या मालाची खोड कशाला सांगायची?’ असं म्हणतील. सांगा, जरूर सांगा. साका बाहेरून ओळखता येत नाही, मोठ्या आणि झाडावर जास्त पिकू दिलेल्या फळात तो अधिक असतो, हे तुम्हाला माहीत आहे. पुण्यातल्या गिऱ्हाइकाला माहीत नाही. त्याला आत पांढरट, स्पंजासारखा भाग दिसला की ‘औषध मारून पिकवलाय’ असं वाटतं. वेबसाइटवर साक्याचा फोटो आणि चार ओळी असल्या, की तो फोन करून भांडत नाही, फोटो पाठवतो. डझनात एक फळ निघालं तर तुमचे ७५ रुपये जातात. ते त्याच दिवशी परत करा. ते गिऱ्हाईक पुढच्या वर्षी पाच डझन मागवतं.

आता ज्यावर माझ्या मते सगळा डोलारा उभा आहे ते: शिल्लक मालाचा आकडा. कपडे किंवा भांडी विकणारा मागणी आली की गोदामातून काढून देतो. तुमचं गोदाम झाडावर आहे. पहिल्या मोहोराचं फळ मार्चमध्ये थोडं निघतं, मग मधे खंड पडतो, मग एकदम लोट येतो. गुढीपाडवा आणि अक्षय तृतीयेला सगळ्यांना एकाच दिवशी आंबा हवा असतो. वेबसाइटवर मागणी घ्यायला अडकाठी नसेल तर अक्षय तृतीयेसाठी दोनशे डझनांचे पैसे जमा होतील आणि झाडावर ऐंशीच तयार असतील. मग दोनच वाटा उरतात. एक तर शेजाऱ्याचा माल स्वतःच्या नावाने द्यायचा, नाही तर कोवळं फळ उतरवायचं. कोवळं फळ पिकत नाही, सुरकुततं आणि आंबट राहतं. नवी थेट विक्री मोडते ती बहुतेक इथे. म्हणून आठवड्याला जेवढा माल खात्रीने निघेल, त्याच्या तीन चतुर्थांशच विक्रीला लावा. ४० डझन म्हटलं तर ४० भरले की ‘या आठवड्याची नोंदणी बंद, पुढच्या शनिवारसाठी नाव द्या’ हे पानावर दिसलं पाहिजे. हा आकडा तुम्हाला स्वतःला, फोनवरून, अर्ध्या मिनिटात बदलता आला पाहिजे. वेबसाइट करणाऱ्याला पहिली अट हीच घाला. प्रत्येक बदलाला त्याला फोन करावा लागत असेल तर ती वेबसाइट तुमच्या कामाची नाही.

अवकाळी पाऊस आणि वाऱ्याने फळ गळालं तर काय, हेही आधीच लिहून ठेवा: ठरल्या वारी माल देता आला नाही तर पुढचा वार किंवा पूर्ण पैसे परत, जे गिऱ्हाइकाला हवं ते.

वाहतुकीचे वार ठरवून घ्या. रोज कुरिअर करू नका. कुरिअरवाले दोन वजनं काढतात. एक काट्यावरचं, दुसरं खोक्याच्या मापावरून. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सहसा ५००० ने भागतात आणि दोन्हींत जे जास्त येईल त्याचे पैसे लावतात. ३८ बाय २८ बाय १२ चा एक डझनी खोका मापाने अडीच किलोचा भरतो आणि काट्यावर साडेतीन, म्हणजे खोका योग्य आहे. त्याच फळांना उगाच मोठा खोका घेतलात तर हवेचं भाडं भराल, वर फळं आत हिंदकळून डागाळतील ते वेगळंच. तुमच्या गावातून पुण्या-मुंबईला रात्रीच्या गाड्या जातातच. बुधवारी मुंबई, शनिवारी पुणे, असं ठरवा आणि तिथे नात्यातलं एखादं घर उतरवून घेण्यासाठी पक्कं करा. जिथून स्वतः येऊन नेता येईल अशी जागा दिली तर डझनामागचे ते ७० रुपयेही वाचतात. कोणत्या पिनकोडला देता आणि कोणत्या नाही, हे पानावर लिहा. नागपूरहून पैसे आल्यावर ‘तिकडे पाठवत नाही’ सांगायची वेळ येऊ नये.

साठ हजारवाल्यांच्या गॅरंटीबद्दल. गूगल स्वतःच सांगतं की पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही. पैसे घेऊन जे पहिल्या पानावर येतं ती जाहिरात असते, आणि पैसे थांबले की तीही थांबते. काम कुणालाही द्या, चार गोष्टी लेखी घ्या. वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, तुमच्या नावावर आणि तुमच्याच ईमेलवर घेतलेलं असावं. ते त्यांच्या नावावर राहिलं तर तीन वर्षांनी तुमचं दुकान त्यांच्या खिशात. होस्टिंगचा, म्हणजे वेबसाइट जिथे ठेवलेली असते त्या भाड्याच्या जागेचा, पासवर्ड तुमच्याकडे असावा. दुसऱ्या वर्षापासून किती भरायचे तो आकडा आत्ता कळावा, कारण पहिलं वर्ष स्वस्त दाखवून नूतनीकरणाला दुप्पट-तिप्पट लावण्याची पद्धत आहे. आणि वेबसाइटचा पत्ता ‘https’ने सुरू होण्यासाठी लागणारं सुरक्षा प्रमाणपत्र फुकट मिळतं, त्याचे वेगळे पैसे देऊ नका. ‘डॉट इन’ने संपणारं नाव वर्षाला सहसा हजाराच्या आत मिळतं. नाव लहान घ्या, फोनवर एकदा सांगितल्यावर समोरच्याला लिहिता येईल असं. नूतनीकरणाची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. ती चुकली तर ते नाव दुसरं कुणीही उचलू शकतं.

वेबसाइटइतकंच, पहिल्या वर्षी कदाचित जास्तच, गूगलच्या नकाशावरचं तुमचं नाव उपयोगी पडेल. ते फुकट आहे. गिऱ्हाइकाला प्रत्यक्ष भेटणाऱ्या धंद्यालाच, जसं बागेवर येऊन आंबा घेता येत असेल तर, ती नोंद करता येते, निव्वळ ऑनलाइन धंद्याला ती सोय नाही. तुमच्या रस्त्याने पर्यटक जातात, तेव्हा बागेवर विक्री ठेवाच. पडताळणीसाठी बहुधा सलग व्हिडिओ मागतात. रस्त्यावरची ओळखीची खूण, मग तुमचा फलक, मग शेडचं कुलूप तुम्ही स्वतः उघडताय, आत खोके आणि काटा, असं न थांबता, न कापता चित्रित करा. तीस सेकंदांपेक्षा कमी नको. नावाच्या रकान्यात फलकावर आहे तेवढंच नाव लिहा. तिथे ‘बेस्ट देवगड हापूस मँगो ऑनलाइन पुणे मुंबई’ असं कोंबलं की नोंद रद्द होण्याची भीती असते, आणि ती परत मिळवेपर्यंत हंगाम उलटतो. वेबसाइट, नकाशा, फेसबुक आणि खोका, चारही ठिकाणी फोन नंबर आणि नाव अक्षरशः एकच ठेवा. गिऱ्हाईक ते जुळवून बघतं, गूगलही बघतं.

सासऱ्यांची धास्ती रास्त आहे, आणि तिच्यावर उपायही साधे आहेत. पैसे यूपीआयने घ्या, त्यावर व्यापाऱ्याला कमिशन पडत नाही. कार्ड वगैरे घ्यायला पेमेंट गेटवे लावला तर साधारण दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी जातो, म्हणजे ९०० वर २१ रुपये. या वर्षी त्याची गरज नाही. ‘पैसे पाठवले’ म्हणून आलेल्या स्क्रीनशॉटवर खोका कधीही पाठवू नका, असे स्क्रीनशॉट खोटे बनवता येतात. बँकेच्या ॲपमध्ये रक्कम जमा दिसली की मगच नाव यादीत लिहा. ‘चुकून जास्त पाठवले, परत करा’ असा फोन आला तरी आधी खातं बघा. आणि पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही, हे घरात फोन उचलणाऱ्या प्रत्येकाला सांगून ठेवा. काही विपरीत घडलंच तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा. पैसे पुढे सरकण्याआधी ते अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. थेट विक्रीसाठी वेगळं खातं आणि वेगळं सिम घ्या, म्हणजे हिशेबही सरळ राहतो.

त्या सिमवर व्हॉट्सॲप बिझनेस टाका. वेबसाइटवर ‘मागणी नोंदवा’ हे बटण दाबलं की त्याच नंबरवर ‘मला __ डझन हवेत, पिनकोड __’ असा तयार निरोप उघडेल, अशी सोय करून घ्या. वेगळं कार्ट वगैरे काही लागत नाही. ठरलेली उत्तरं ॲपमध्ये साठवून ठेवता येतात, लेबलं लावता येतात: ‘पैसे आले’, ‘पाठवला’, ‘साका, परत द्यायचे’. एक खाचखळगा मात्र आहे. एकाच वेळी सगळ्यांना निरोप पाठवायची जी ब्रॉडकास्ट यादी असते, तीत २५६ जण मावतात, पण निरोप पोचतो तो ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये साठवलाय त्यांनाच. दोनशे जणांना कळवलं आणि तिसांचंच उत्तर आलं, तर बहुधा कारण हेच असतं. म्हणून पहिल्या मागणीच्या वेळीच नंबर सेव्ह करायला सांगा. अनोळखी नंबरांच्या याद्या विकत मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. लोक तक्रार करतात आणि नंबरच बंद होतो.

खोक्यात एक जाड कागदाची चिठ्ठी घाला. एका बाजूला आंबा कसा ठेवायचा ते: ‘खोका उघडा, फळं पेंढ्यावर एका थरात पसरा, कच्चं फळ फ्रिजमध्ये ठेवू नका, वास सुटला आणि फळ बोटाला मऊ लागलं की खा’. दुसऱ्या बाजूला फोन नंबर आणि वेबसाइटचा क्यूआर कोड. चिकटपट्टीवर नंबर छापून घेणारे बरेच आहेत, पण ती खोका उघडताना फाटते आणि नंबर कचऱ्यात जातो. चिठ्ठी फ्रिजच्या दारावर चिकटते. पुण्यात पणन मंडळाच्या आंबा महोत्सवात गाळा मिळाला तर तोच क्यूआर मोठा छापून टेबलावर ठेवा. महोत्सवातलं गिऱ्हाईक एकदाच येतं, नाव मिळालं तर दरवर्षी येतं.

गूगलवर अभिप्राय मागायचा तो खोका पोचल्याच्या दिवशी नाही. त्या दिवशी फळ कच्चं असतं आणि माणूस ‘वेळेवर आला’ एवढंच लिहितो. दहाव्या दिवशी मागा. आंबा खायला सुरुवात झालेली असते, लिहायला काही तरी असतं. अभिप्रायाच्या बदल्यात सूट देऊ नका, गूगलच्या नियमात ते बसत नाही. कुणी वाईट लिहिलं तर तिथेच, नावानिशी, काय झालं आणि किती पैसे परत केले ते लिहा. पुढचं गिऱ्हाईक तुमचं उत्तर वाचतं.

पैसे देऊन जाहिरात पंधरा-वीस खरे अभिप्राय जमेपर्यंत करू नका. नंतर केलीत तर रोज ३०० रुपये, दहा दिवस, फक्त पुणे शहर, आणि आधी दोन आठवड्यांचा माल शिल्लक आहे याची खात्री करून. तीन हजारांत निदान तीस डझन नवे गेले पाहिजेत, म्हणजे डझनामागे शंभर पडतात आणि २७५ मधले १७५ तुमच्याकडे राहतात. प्रत्येक नव्या माणसाला ‘आमचं नाव कुठे दिसलं?’ हे विचारून वहीत लिहा. लाइक आणि व्ह्यू मोजत बसू नका.

कायद्याचं थोडक्यात. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात सिंधुदुर्ग आहेच. पण ते नाव अधिकृतपणे वापरायला बागायतदाराने स्वतःची नोंदणी करायची असते. तुमची नसेल तर करून घ्या आणि तो क्रमांक पानावर ठळक लावा, अनोळखी माणसाला यापेक्षा मोठा पुरावा देता येत नाही. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, आणि स्वतःच्या बागेचं फळ विकणाऱ्या शेतकऱ्याला अन्न परवान्याचीही गरज नाही. आंबापोळी, रस, कोकम सरबत विकायला काढलंत किंवा शेजाऱ्याचा माल घेऊन विकलात, की मात्र अन्न नोंदणी लागते. प्रक्रिया केलेल्या पदार्थांवर जीएसटीही आहे. ते करण्याआधी सीएला विचारा.

जूनमध्ये आंबा संपला की वेबसाइट बंद करू नका. बरेच बागायतदार पान उतरवतात, नूतनीकरण टाळतात आणि फेब्रुवारीत नव्याने सुरू करतात. नवं पान गूगलला सापडून वर यायला आठवडे, कधी महिने जातात, तोवर मे उजाडतो. पान तसंच ठेवा, फक्त बटणाचे शब्द बदला: ‘पुढच्या हंगामासाठी नाव नोंदवा’. नकाशावरच्या नोंदीला ‘तात्पुरतं बंद’ लावा. आणि वहीतली यादी पावसाळ्यात बसून नीट करा: नाव, फोन, पिनकोड, किती डझन, कोणत्या वजनाचं फळ, कोणत्या तारखेला, तक्रार काय. निरोप पाठवलेला चालेल का, हे विचारलं होतं का तेही. पहिली तोडणी ठरली की या यादीला आधी कळवा, जाहिरात त्यानंतर. तीन हंगामांनी पाचशे नावं झाली, तर वाशीचा भाव कोसळला त्या आठवड्यातही तुमच्या हातात विकायला जागा असेल. दलालाशी संबंध तोडू नका. लहान, डागी आणि एकदम आलेला माल घ्यायला तोच लागणार आहे.

ता. क. चं उत्तर: मजकूर मराठीत, तुमच्या घरात बोलता तसा, आणि त्याखाली तोच इंग्रजीत, म्हणजे मुंबईतल्या अमराठी घरांनाही कळेल. पानाचं शीर्षक मात्र दोन्ही लिप्यांत द्या, कारण बरेच लोक ‘हापूस आंबा’ रोमन अक्षरांत शोधतात, आणि तेही वेगवेगळ्या स्पेलिंगने. मोहोर आत्ता फुटतोय म्हणालात, तर वेबसाइटचा पहिला फोटो त्याचाच काढा आणि खाली तारीख लिहा. मग फळ कणीएवढं झालं की दुसरा, सुपारीएवढं झालं की तिसरा. मार्चमध्ये कुणी विचारलं ‘आंबा तुमच्याच बागेतला कशावरून?’ तर त्याच झाडाचे चार महिन्यांचे फोटो दाखवता येतील.